ट्रिगर आधी, वेग नंतर: पालघर-बोईसरच्या रिव्हॉल्व्हर नेमबाजांसाठी

घड्याळाशी स्पर्धा लावून रिव्हॉल्व्हर चालवायचे म्हणजे बोट चपळ हवे, असा समज आहे. प्रत्यक्षात बोट सगळ्यांचेच पुरेसे चपळ असते. गोळी हुकते ती ट्रिगर ओढण्याच्या अखेरच्या काही मिलिमीटरमध्ये मनगट हलल्यामुळे. त्यामुळे वेग वाढवण्याचा रस्ता उलटा आहे. आधी ट्रिगर एकसारखा ओढायला शिकायचे; मग पकड, नेम आणि गोळ्या भरणे या तीन ठिकाणी वाया जाणारा वेळ काढून टाकायचा. यातला बहुतेक सराव एकही गोळी न झाडता होतो, आणि पालघर-बोईसरच्या माणसाला हेच सोयीचे आहे. महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज वरळीला. बोईसरहून तिथे जायचे तर लोकल, बदली आणि अख्खा दिवस. घरी जे शिकता येईल ते घरीच शिकावे आणि रेंजवर फक्त परीक्षा द्यावी.

हा लेख परवानाधारकांसाठी, क्लबमध्ये नेमबाजी करणाऱ्यांसाठी आणि पोलीस किंवा सुरक्षा दलातल्या, स्वतःच्या रेंजवर सराव करणाऱ्या जवानांसाठी आहे.

कोणती स्पर्धा, कोणते शस्त्र

‘प्रॅक्टिकल शूटिंग’ या प्रकाराची आंतरराष्ट्रीय संघटना, आयपीएससी, १९७६ साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातील कोलंबिया इथे स्थापन झाली. यात नेमबाज एका जागी उभा राहत नाही. तो चालतो, आडोशामागून नेम धरतो, मध्येच गोळ्या भरतो आणि पंचाच्या हातातले टायमर सेकंदाचा शंभरावा भाग मोजत असते. मिळालेले गुण भागिले लागलेला वेळ, असा निकाल लागतो.

आपल्याकडच्या परवानाधारकाने सुरुवातीलाच एक गोष्ट समजून घ्यावी. भारतात सर्वसाधारण परवान्यावर मिळणारे रिव्हॉल्व्हर बहुधा .३२ बोअरचे असते. गोळीचे ग्रेनमधले वजन गुणिले फूट प्रतिसेकंद वेग भागिले १,००० हा आकडा आयपीएससीत किमान १२५ च्या आसपास भरावा लागतो. .३२ ची सुमारे ९८ ग्रेनची गोळी ७०० फुटांच्या आसपासच्या वेगाने जाते, म्हणजे आकडा सत्तरच्याही खालीच राहतो. ९ मिमी आणि .३८ ही बोअर आपल्याकडे प्रतिबंधित आहेत. म्हणून हातातले .३२ घेऊन आयपीएससीची अधिकृत स्पर्धा खेळता येत नाही.

पण याच बोअरला एक मानाची जागा आहे: २५ मीटर सेंटरफायर पिस्तूल. नियमानुसार ७.६२ ते ९.६५ मिमी बोअरचे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर चालते, ट्रिगरचे वजन किमान १,००० ग्रॅम आणि बॅरल जास्तीत जास्त १५३ मिमी. पहिल्या टप्प्यात पाच-पाच गोळ्यांच्या सहा मालिका, प्रत्येकीला पाच मिनिटे. दुसऱ्या टप्प्यात लक्ष्य सात सेकंद पाठ फिरवते आणि तीन सेकंद समोर येते. त्या तीन सेकंदांत हात ४५ अंशांवरून उचलून एकच गोळी झाडायची. असे तीस वेळा. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत जसपाल राणाने ६०० पैकी ५९० गुण करून विश्वविक्रमाशी बरोबरी केली ती याच प्रकारात.

तेव्हा पद्धत प्रॅक्टिकलची घ्यावी आणि कसोटी सेंटरफायरची. दोन्हींची मागणी एकच आहे: ठरलेल्या वेळात, नेम न हलवता, ट्रिगर शेवटपर्यंत नेणे.

गुण भागिले वेळ

वेगाच्या मागे लागण्याआधी हा हिशेब करून पाहा. आयपीएससीच्या हलक्या, म्हणजे कमी ताकदीच्या गोळ्यांच्या गटात मधल्या भागाला ५, त्याबाहेर ३, कडेला १ गुण आणि हुकलेल्या गोळीला उणे १०. बारा गोळ्यांचा एक टप्पा आहे असे धरू.

पहिला नेमबाज बाराही गोळ्या मधोमध मारतो, १२ सेकंद घेतो. ६० भागिले १२, म्हणजे ५. दुसरा ८ सेकंदांत संपवतो. सहा मधोमध, चार बाहेर, दोन कडेला. एकूण ४४, भागिले ८, म्हणजे ५.५. दुसरा जिंकला. आता दुसऱ्याची कडेची एक गोळी हुकली असे समजा. ४४ मधून १ गेला, १० आणखी गेले, उरले ३३. भागिले ८, म्हणजे ४.१ च्या आसपास. एका गोळीने पहिला क्रमांक गेला.

अर्थ सरळ आहे. थोडी सैल गोळी वेगाने भरून निघते, हुकलेली निघत नाही. सरावातही तोच नियम ठेवा: गोळ्या पसरू लागल्या तर चालेल, पण कागद सोडू लागल्या तर लगेच वेग कमी करा.

पकड

रिव्हॉल्व्हरची मूठ अर्धस्वयंचलित पिस्तुलापेक्षा वेगळी असते. बॅरल हातापासून उंचावर असल्यामुळे धक्क्याने तोंड वर उसळते. म्हणून हात मुठीवर जितका वर जाईल तितका न्यावा. अंगठा आणि तर्जनीमधली खाच मागच्या कण्याच्या टोकाला टेकली पाहिजे, फक्त हॅमर मागे येताना तिला घासता कामा नये. मधले बोट आणि अनामिका सरळ मागे दाबतात. करंगळी जोरात आवळू नका. तिच्या ताणाने तोंड खाली जाते.

दोन्ही हातांनी धरताना डाव्या हाताची बोटे उजव्या बोटांवर, आणि डावा अंगठा उजव्या अंगठ्यावर मागच्या बाजूला. पिस्तूल चालवणारे अंगठे पुढे सरळ ठेवतात. रिव्हॉल्व्हरवर ती सवय धोक्याची आहे. सिलिंडर आणि बॅरल यांच्यामधल्या फटीतून प्रत्येक गोळीबरोबर गरम वायू आणि शिशाचे कण बाजूला उडतात. तिथे अंगठा गेला तर भाजतो किंवा कापतो.

सेंटरफायरमध्ये शस्त्र एकाच हाताने धरायचे असते. तिथे मनगट कोपरापासून एका रेषेत कुलूप लावल्यासारखे ताठ ठेवावे आणि दुसरा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवावा, म्हणजे खांदा हलत नाही. एप्रिल-मे महिन्यांत किनाऱ्यावर हाताला घाम सुटतोच. प्रत्येक मालिकेआधी तळवा आणि मूठ दोन्ही सुती कापडाने कोरडी करा. गुळगुळीत मूठ असेल तर शस्त्रदुरुस्ती करणाऱ्या परवानाधारक कारागिराकडून तिच्यावर चौकडी कोरून घ्यावी.

ट्रिगर: सगळा खेळ इथे

रिव्हॉल्व्हर दोन रीतींनी चालते. हॅमर अंगठ्याने आधी चढवला तर ट्रिगर हलका आणि छोटा. हॅमर न चढवता ओढला तर तोच ट्रिगर सिलिंडर फिरवतो, हॅमर मागे नेतो आणि सोडतो. मग तो लांब असतो आणि कितीतरी पटींनी जड. प्रॅक्टिकलमध्ये हीच दुसरी रीत वापरतात, कारण प्रत्येक गोळीला हॅमर चढवण्याइतका वेळ नसतो.

या लांब ओढीत तीन चुका होतात.

पहिली, मध्येच थांबणे. सिलिंडर जागेवर बसल्याचा ‘टक’ आवाज आला की बोट थबकते, नेम पुन्हा तपासला जातो आणि मग उरलेला भाग झटक्याने ओढला जातो. नेम हलतो तो इथेच. ओढ सुरू झाली की एकाच वेगाने शेवटपर्यंत जाऊ द्या. नेम त्या काळात थोडा डुलेल, डुलू द्या.

दुसरी, बोटाची चुकीची जागा. हलक्या ट्रिगरवर बोटाच्या पेराचा मांसल भाग ठेवतात. जड ओढीत ती जागा पुरत नाही; बोट पहिल्या पेराच्या घडीपर्यंत आत न्या, म्हणजे ताकद मिळते. पण बोटाची बाजू शस्त्राच्या चौकटीला घासत असेल तर थोडे बाहेर आणा.

तिसरी, अर्धवट सोडणे. घाईत बोट पूर्ण पुढे जाऊ न देता दुसरी ओढ सुरू केली की यंत्रणा अडते किंवा एक खाना वगळून सिलिंडर पुढे सरकते. ओढण्याइतकाच सोडण्याचा सराव लागतो.

सेंटरफायरच्या तीन सेकंदांत आणखी एक कौशल्य हवे. हात ४५ अंशांवरून वर येतानाच ट्रिगरवर दाब चढू लागतो, आणि फोरसाइट काळ्या वर्तुळाच्या खालच्या कडेला पोहोचते तेव्हा बहुतेक दाब दिलेला असतो. हात वर नेऊन, नेम धरून, मग ओढायला सुरुवात केली तर तीन सेकंद पुरत नाहीत. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबतने २५ मीटर स्पोर्ट्‌स पिस्तुलाचे सुवर्ण जिंकले. अंतिम फेरीत तिची आणि थायलंडच्या खेळाडूची ३४-३४ अशी बरोबरी झाली आणि शूट-ऑफवर निकाल लागला. तिथेही प्रत्येक गोळीला तीच तीन सेकंदांची झलक असते.

घरचा कोरडा सराव

कोरडा सराव म्हणजे रिकाम्या शस्त्राने केलेला सराव. त्याचे नियम कडक आहेत आणि त्यांत सूट नाही.

रिव्हॉल्व्हर उघडा, सगळे खाने डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. काडतुसे दुसऱ्या खोलीत, कुलपात. नेम धरायची भिंत बाहेरची, पक्क्या विटांची किंवा काँक्रीटची हवी. बोईसरच्या वसाहतींत दोन घरांमध्ये कित्येकदा अर्ध्या विटेची भिंत असते. तिच्याकडे तोंड कधीही नको. पडदे ओढलेले, दार लावलेले, घरात मुले नसलेली वेळ. सराव संपला की मोठ्याने ‘संपलं’ म्हणा आणि शस्त्र लगेच कपाटात ठेवा. ‘आणखी एकदाच’ म्हणून परत काढणे हा घरातल्या अपघातांचा जुना रस्ता आहे. खऱ्या काडतुसापेक्षा रंगाने वेगळी डमी वापरावीत. फायरिंग पिनलाही आधार मिळतो.

आता सराव.

कोरी भिंत: पहिले दोन आठवडे लक्ष्यच नको. भिंतीसमोर उभे राहून फक्त फोरसाइटकडे पाहत ट्रिगर ओढा. हॅमर पडताना फोरसाइट बॅकसाइटच्या खाचेत जागची हलली का, एवढेच पाहायचे.

नाणे: बॅरलवर पुढे एक रुपयाचे नाणे ठेवा आणि हॅमर पाडा. नाणे सलग दहा वेळा टिकले तर ओढ सरळ होऊ लागली आहे.

प्रमाणातले लक्ष्य: सेंटरफायरच्या वेगवान टप्प्यातले दहाचे वर्तुळ २५ मीटरवर १० सेंमी व्यासाचे असते आणि काळा भाग ५० सेंमीचा. पाच मीटरवर सराव करताना भिंतीवर १० सेंमीचे काळे वर्तुळ लावा. त्यातला दहाचा भाग २ सेंमीचा होतो.

सात-तीन: मोबाइलमध्ये सात सेकंद शांतता आणि तीन सेकंद शिट्टी असा आवाज स्वतःच ध्वनिमुद्रित करा. शिट्टी वाजली की हात उचला, संपायच्या आत हॅमर पडला पाहिजे. आधी फक्त पाच वेळा. दमलेल्या बोटाने केलेला सराव चुकीची ओढ पक्की करतो.

नेम

नेम धरताना डोळा एकाच गोष्टीवर स्पष्ट राहू शकतो: फोरसाइटवर. लक्ष्य अंधुक दिसले पाहिजे. छोट्या बॅरलच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पुढच्या आणि मागच्या साइटमधले अंतर १० सेंमीच्या आसपास असते असे धरले, तर फोरसाइट खाचेत एक मिमी सरकली की २५ मीटरवर गोळी २५ सेंमी बाजूला जाते. लक्ष्यावर हात थोडा डुलला तर इतके नुकसान होत नाही. नवशिक्या नेमबाजाला हे पटायला वेळ लागतो. तो डुलणाऱ्या हाताला घाबरतो आणि सरकलेल्या साइटकडे दुर्लक्ष करतो.

चाळिशीनंतर फोरसाइट धूसर दिसू लागते. चष्म्याच्या दुकानात जाऊन हात पसरलेल्या अंतरासाठी वेगळी काच करून घ्या. वाचायच्या चष्म्याचा नंबर इथे जुळत नाही. साइट चकाकत असेल तर काळी शाई किंवा मेणबत्तीची काजळी लावा.

गोळ्या भरणे

अमेरिकन नेमबाज जेरी मिक्युलेकने १९९९ साली सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरमधून सहा झाडून, परत भरून, आणखी सहा झाडल्या, वेळ २.९९ सेकंद. त्या आकड्यात बोटापेक्षा भरणीचे कौतुक अधिक आहे.

आपल्याकडच्या कानपूरच्या जुन्या .३२ रिव्हॉल्व्हरांची, आणि २०१४ साली आलेल्या ‘निर्भीक’चीही, रचना मधून वाकणारी असते. कुलूप दाबले की बॅरल खाली झुकते आणि रिकामी आवरणे वर उचलली जातात. ते हळूच उघडले तर एखादे आवरण परत घसरून उचलणीच्या चकतीखाली अडकते, आणि मग ते काढण्यात स्पर्धा संपते. एकाच ठाम झटक्यात पूर्ण उघडा आणि शस्त्र किंचित तिरके करा. २०२३ मध्ये कानपूरहूनच आलेल्या ‘प्रबल’मध्ये सिलिंडर बाजूला उघडते. तिथे तोंड आकाशाकडे करून तळव्याने दांडा एकदाच, पूर्ण दाबायचा. आवरणे पडली की तोंड जमिनीकडे आणि गोळ्या आत.

काडतुसे दोन-दोन करून भरा. बोटांच्या चिमटीत दोन सहज मावतात. हा सरावही डमी काडतुसांनीच करा, खाली गादी पसरून. उघडण्यापासून बंद होईपर्यंत बोट ट्रिगरच्या कड्याबाहेर, आणि रेंजवर तोंड सतत लक्ष्याच्या दिशेला; वरखाली केले तरी बाजूला वळता कामा नये.

रेंजवरचा दिवस

काडतुसे महाग आहेत आणि परवान्यावर त्यांची मर्यादा ठरलेली असते. म्हणून वरळीला जाताना हेतू ठरवून जा. तीस गोळ्यांचे तीन भाग करा. पहिल्या दहा वेळेशिवाय, फक्त गोळ्यांचा पुंजका पाहण्यासाठी. पुंजका मध्यापासून दूर पण घट्ट असेल तर ओढ बरोबर आहे, फक्त नेमाची जागा बदलायची. पसरलेला असेल तर साइटला हात लावू नका, परत कोऱ्या भिंतीकडे जा.

दुसऱ्या दहा ‘मिसळी’च्या. सहा खान्यांत तीन खऱ्या आणि तीन डमी, कोणत्या कुठे हे न पाहता सिलिंडर फिरवून बंद करा. डमीवर हॅमर पडला आणि तोंड खाली झुकले, तर तुम्ही आवाजाला घाबरून धक्क्याआधीच हात ढकलता आहात. हा दोष रिव्हॉल्व्हरइतका स्पष्ट दुसरे शस्त्र दाखवत नाही. शेवटच्या दहा सात-तीनच्या वेळेवर.

कानांवर मफ आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. शिशाचे कण हाताला लागतात. रेंजबाहेर वडापाव हातात घेण्याआधी साबणाने हात धुवा.

खारी हवा, पाऊस आणि गंज

तारापूर, चिंचणी, केळवे या पट्ट्यातली हवा खारी. त्यात औद्योगिक वसाहतीतले वायू आणि चार महिन्यांचा पाऊस. रेंजवरून आल्यावर त्याच रात्री बॅरल आणि सिलिंडरचे सगळे खाने पुसा. उचलणीच्या चकतीखाली जळक्या दारूची पूड साचली की सिलिंडर अडखळते आणि नेमबाज त्याचा दोष ट्रिगरला देतो. तिथे दात घासायचा जुना ब्रश फिरवा. तेलाचा पातळ थर पुरे. खान्यात तेल राहिले तर ते काडतुसाच्या प्राइमरपर्यंत झिरपून गोळी फुसकी निघते. शस्त्र चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून देऊ नका. चामडे ओल धरते. सुती कापडात, सिलिका जेलच्या पुड्यांसह कपाटात ठेवा.

परवाना आणि पुढची वाट

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यापासून इथल्या ग्रामीण भागाचे परवाने जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे आहेत. वसई-विरार भाग ऑक्टोबर २०२० पासून पोलीस आयुक्तालयात आहे. वरळीला शस्त्र नेण्याआधी परवान्यावरचे क्षेत्र वाचा. ते फक्त जिल्ह्यापुरते असेल तर आधी वाढवून घ्या. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. त्याच दुरुस्तीनुसार लग्नात किंवा मिरवणुकीत हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. निवडणुकीच्या आचारसंहितेच्या काळात शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. नेमबाज खेळाडूंनी सवलतीसाठी स्पर्धेची कागदपत्रे घेऊन वेळेत अर्ज करावा.

परवाना नसलेल्यांनी १० मीटर एअर पिस्तुलापासून सुरुवात करावी. .१७७ बोअरच्या, २० ज्यूलपर्यंतच्या एअर शस्त्राला परवाना लागत नाही, आणि नेम-ट्रिगरचे शिक्षण तेच. पुढची वाट राज्य स्पर्धा, ग. वा. मावळंकर स्पर्धा आणि राष्ट्रीय स्पर्धा अशी जाते. लोकसभेचे पहिले सभापती मावळंकर हे १९५१ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल असोसिएशनचे संस्थापक अध्यक्ष होते, म्हणून त्यांचे नाव. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला १० मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला, तेव्हा त्याचे वडील पालघरचे पोलीस अधीक्षक होते. ते अंतर फार लांबचे नाही.

आठवड्याचा बेत असा ठेवा: चार दिवस प्रत्येकी पंधरा मिनिटे कोरडा सराव, एक दिवस भरणी, दोन दिवस विश्रांती, महिन्यातून एकदा रेंज. वहीत दोनच आकडे लिहा: पाचपैकी किती गोळ्या काळ्यात आणि किती सेकंदांत. सलग तीन वेळा पाचही आत आल्या तर पुढच्या आठवड्यात शिट्टी तीनवरून अडीच सेकंदांवर आणा. एकही बाहेर गेली तर ती तीनवरच राहू द्या.